कुसळांची घोंगडी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा राजे होते, पण ते कुठंतरी लांब होते आणि या गोष्टीत त्यांचं काही काम नाही. या गोष्टीत एक माळ आहे, एक बाप आहे, त्याची लेक आहे आणि एक जुनी घोंगडी आहे. लहानांनी पुढं बसा. मोठे मागं बसले तरी चालेल, पण ऐकायचं दोघांनीही, कारण यातली चूक मोठ्यांनी केलेली आहे.

तर एका उंच पठारावर तो माळ होता. झाडं जवळजवळ नव्हतीच. एखादी बोर, एखादा हिवर, बाकी नजर पोचेल तिथवर गवत. आता तुमच्यातलं कुणीतरी नाक मुरडेल, की गवत ते गवत, त्यात काय सांगायचं. तसं नसतं बाबांनो. त्या माळावर मारवेल होती, मऊ आणि गोड, तिच्यासाठी मेंढरं एकमेकांना ढकलायची. तिच्याखालोखाल पवना होता. मग कुसळी होती. पावसाळा सरला की तिच्या टोकाला सुईसारखी कुसळं यायची आणि धोतरात, लुगड्यात, मेंढरांच्या लोकरीत घुसून बसायची. आणि जिथं जमीन उघडी पडेल तिथं सगळ्यांत आधी टाकळा आणि आघाडा हजर. त्यांना ना मेंढरू तोंड लावायचं, ना माणूस हात.

माळाच्या कडेला मेंढपाळांची एक वस्ती होती. पावसाळाभर ती माणसं माळावर राहायची. थंडीची चाहूल लागली की घोड्यांवर बिऱ्हाड लादायची, त्या बिऱ्हाडावर पोरं आणि कोंबड्या बसवायची आणि मेंढरं हाकत घाट उतरून जायची. परत यायची ती वळवाचे ढग दिसू लागल्यावर. मधले सगळे महिने माळ आपला एकटा असायचा, आणि त्या एकटेपणात गवत पिकायचं, बी गाळायचं, निवांत पडून राहायचं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांची एक रीत होती. वस्तीची मिळून एक घोंगडी होती. काळी, जाड, अंथरली तर अख्खं कुटुंब तिच्यावर निजेल एवढी, आणि कितीदा ठिगळ लावलं त्याचा पत्ता नाही. ती माळावर पसरायची, कोपरे धरायचे आणि पिकलेल्या गवतातून फरफटत न्यायची. कुसळं तिच्यात घुसायची, इतर गवतांचं बी त्या कुसळांत अडकायचं. मग जिथं जमीन उघडी दिसेल तिथं ती आपटून आपटून झाडायची. दिवसभर हेच काम. बायकामाणसांचे हात सोलवटून निघायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांना गुळाचा खडा मिळायचा.

घोंगडी सांभाळायचा मान ठकूकाकीचा. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई ती. कुणी विचारलं, "काकी, हे कशासाठी गं करायचं?" तर म्हणायची, "माझी सासू ओढायची. तिची सासू ओढायची. मी असलं काही विचारलं असतं तर सासूनं मला दुसरं काम लावलं असतं. चल, कोपरा धर."

हे काय उत्तर झालं? नाही झालं. पण खरी गोष्ट अशी की काकीला उत्तर ठाऊकच नव्हतं. कुणालाच नव्हतं. कधीतरी कुणीतरी ते सांगायचं विसरलं आणि नुसती रीत तेवढी पुढं आली.

काकीचा पुतण्या म्हाकू हा वस्तीचा कारभारी होता. माणूस चांगला, मनानं मऊ. कुणाचं मेंढरू आजारी पडलं तर स्वतःचं जेवण टाकून धावायचा. त्याचं एकच दुखणं होतं आणि ते घाटात होतं. एका वर्षी कळप उतरत असताना त्याच्या बायकोला वाटेतच कळा सुटल्या. अवकाळी झड लागली होती, आडोसा नव्हता, जाणत्या बायका मागच्या वळणावर राहिलेल्या. पोर वाचली, आई गेली. आणि कळप काही कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडांची रास रचून तिला तिथंच ठेवून म्हाकूला पुढं निघावं लागलं. तान्ही पोर त्यानं अंगरख्याच्या आत छातीशी धरली होती.

पोरीचं नाव गोजरा. दर वर्षी जाता-येता ती रास लागायची आणि दर वर्षी म्हाकू त्या वळणावर गप्प व्हायचा. गोजरा वाढत गेली तसं त्याच्या मनात एकच विचार घर करून बसला. माझ्या लेकीनं या वाटेवर जन्म काढायचा नाही. तिनं एका जागी राहायचं, तिच्या चुलीची जागा बदलायची नाही.

यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणून तर ही गोष्ट सांगताना मला त्रास होतो. माणूस वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

गोजरा लहानपणी भारी धडपडी. एकदा खडकावर पडली आणि गुडघा फुटला. जखमेवर खपली धरली, काळी, जाड, खाजरी. पोर सारखी नख लावायची. म्हाकू तिचा हात धरून म्हणायचा, "लावू नकोस गं हात. दिसते वंगाळ, पण तिच्याखाली कातडी येतेय. काम झालं की ती आपली आपण पडेल." ती तेवढ्यापुरती ऐकायची. हे आपलं सांगून ठेवतो, पुढं लागेल.

मग एका वर्षी गोजराचं लाडकं कोकरू मेलं. कुसळ लोकरीतून कातडीत घुसलं, कातडीतून आत गेलं, आणि आतल्या आत पिकलं. कोकराला मांडीवर घेऊन पोर रडत बसली. म्हाकूला ते बघवेना. त्यानं माळाकडं पाहिलं. मारवेल डुलत होती आणि मधेमधे कुसळीचे झुबके भाले उगारल्यासारखे उभे होते. त्याच्या मनात आलं, ही कुसळी नसती, हा टाकळा-आघाडा नसता, तर ती सगळी जागा मारवेलीला मिळाली असती. मग वर्षभर पुरेल इतका चारा इथंच झाला असता. मग घाट कशाला उतरायचा?

त्यानं देवाच्या दगडापाशी वस्ती जमवली. म्हणाला, "औंदा घोंगडी ओढायची नाही. ज्या कुसळानं आपली कोकरं मरतात त्याचं बी आपणच हातानं पसरायचं, हे कुठलं शहाणपण? कुसळी मुळासकट उपटू. टाकळा, आघाडा, सगळा उपटू. नुसती मारवेल ठेवू आणि इथंच राहू."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. घाट कुणाला आवडत होता? कुणाचा बाप वाटेत गेला होता, कुणाची मेंढरं ओढ्याच्या पुरात वाहून गेली होती. सगळ्यांच्या माना हलल्या. काकी तेवढी म्हणाली, "म्हाकू, ओढू दे रे बाबा घोंगडी. काय जातंय तुझं?"

"काकी, का ओढायची ते सांग. एक कारण सांग, मी पहिला कोपरा धरतो."

काकीकडं कारण नव्हतंच. ती घोंगडी उचलून आपल्या खोपटात गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ते बघायला कुणाला वेळ नव्हता. सगळे कुसळी उपटायला गेले होते.

पहिलं वर्ष असं गेलं म्हणता की काय सांगू. पाऊस झाला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत जुन्या मारवेलीनं असे हातपाय पसरले की मेंढरांची पोटं ढोलकीसारखी झाली. थंडी आली आणि एकही घोडा लादला गेला नाही. पहिल्यांदाच त्या वस्तीत हिवाळ्याच्या चुली पेटल्या. गोजरानं घराला मातीच्या भिंती घातल्या, दारापुढं सारवलं, भिंतीवर बोटांनी मोर काढले. म्हाकू दारात बसून ते बघायचा. त्याला वाटायचं, आपण जिंकलो. येणारेजाणारे म्हणायचे, कारभारी असावा तर असा.

दुसऱ्या वर्षी पोटं तेवढी फुगली नाहीत. मेंढरं बारा महिने माळावर. मारवेलीनं डोकं वर काढलं की खाल्ली, काढलं की खाल्ली. तिला फुलायला उसंत नाही, पिकायला उसंत नाही, मग बी कुठून गळणार? जुनी बुडखी थकत गेली आणि मधे उघडी जमीन दिसू लागली. त्या उघड्या जमिनीवर कोण आलं असेल? बरोबर. टाकळा आला, आघाडा आला, त्यांच्यामागून कुठूनतरी वाऱ्यानं आलेली चार कुसळं रुजली.

"पुन्हा आले मेले," म्हाकू म्हणाला, आणि उपटायला बसला.

त्या काळी पाखरं माणसांशी बोलायची. एक चंडोलीण समोरच्या दगडावर येऊन बसली. मातीच्या रंगाचं, मुठीएवढं पाखरू. ती म्हणाली, "कारभारी, तेवढी कुसळी राहू द्या. तिच्या बुडाशी माझं घरटं असतं."

"तुझ्या घरट्यासाठी मी माझी कोकरं मारू?"

"तेवढंच नाही. मी दिवसभर त्या बुडाशी बसते, मला खालचं दिसतं. टाकळा येतो, त्याची पानं पडतात, माती गार होते. मग कुसळी येते, तिची मुळं माती धरतात. पाणी आलं की माती तिच्यापाशी थांबते. त्या थांबलेल्या मातीत, तिच्या सावलीला, तुमच्या मारवेलीचं बी रुजतं. उघड्यावर रुजत नाही. मी कधी रुजलेलं पाहिलं नाही."

"तू तुझ्यापुरतं बोलतेस."

"हो, माझ्यापुरतंच बोलते," चंडोलीण म्हणाली. "पण म्हणून ते खोटं होत नाही."

म्हाकूचा हात थांबला. घोंगडी का ओढायची, ते काकीला न आलेलं उत्तर हेच होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. होय, त्याला पटलं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, तो अडाणीपणानं वागला असं नाही. त्याला पटलं, आणि पटल्याबरोबर दुसरं काय दिसलं? घोंगडी ओढायची म्हणजे गवत पिकू द्यायचं. गवत पिकू द्यायचं म्हणजे मेंढरं हलवायची. मेंढरं हलवायची म्हणजे घाट, आणि घाटात ती दगडांची रास. लेकीच्या भिंतीवरचे मोर अजून ताजे होते. त्यानं मान खाली घातली आणि पुढची कुसळी उपटली. चंडोलीण उडून गेली. त्या वर्षी तिनं माळावर घरटं केलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी गोजरा त्याच्यापाशी आली. आता ती मोठी झाली होती, शेजारच्याच खोपटातल्या पोराशी तिचं लग्न झालं होतं. माळ जागोजागी उघडा पडला होता. वाऱ्याबरोबर धूळ उठत होती. म्हाकू त्या धुळीत आघाडा उपटत होता.

गोजरा म्हणाली, "आबा, लहानपणी मी गुडघ्याची खपली काढायची, तेव्हा तुम्ही माझा हात धरायचात."

"मग?"

"काही नाही. आज तुमचा हात कुणी धरावा, ते कळेना मला."

म्हाकू तिच्यावर खेकसला. त्या पोरीवर तो जन्मात कधी खेकसला नव्हता. म्हणाला, "जमीन म्हणजे काय गुडघा आहे? जा, घरी जा. घर आहे ना तुला? मग घरी जा."

गोजरा गेली. म्हाकूनं हातातला आघाडा तिथंच टाकला, पण उपटलेलं काही परत लागत नाही.

त्या पावसाळ्यात पाणी आलं ते लाल आलं. माळाची सगळी माती घेऊन ओढ्यानं खाली गेलं. पाऊस उघडला तेव्हा वर मुरूम राहिला होता, आणि कुठं कुठं नुसता खडक. आता टाकळाही येईना. ज्याला बोलवावं लागत नव्हतं तोसुद्धा येईना. मेंढरं खडकाला तोंड लावायची आणि माणसांकडं बघायची. रोज सकाळी मेंढरांच्या वाड्यात एखाददुसरं कमी उठायचं.

काकी त्याच वर्षी गेली. जाताना तिनं म्हाकूला बोलावून घेतलं. ती बोलेल, टोमणा मारेल म्हणून तो मान घालून उभा राहिला. काकी म्हणाली, "चूक तुझी एकट्याची नाही रे. मी सासूला विचारायला हवं होतं. घोंगडी कोपऱ्यात आहे. ओढू नये वाटलं तर नको ओढूस, पण टाकू नकोस."

मग वस्ती उठू लागली. एक घर गेलं, दोन घरं गेली. पूर्वी जायची तेव्हा माणसं दारापुढं दगड ठेवून जायची, परत आल्यावर चूल मांडायला. आता कुणी दगड ठेवला नाही. शेवटी गोजराच्या नवऱ्यानं घोडा लादला. उरलेली चार हाडकुळी मेंढरं पुढं घातली.

म्हाकू घाटमाथ्यापर्यंत पोचवायला गेला. गोजराच्या कडेवर लेक होती. उतरणीच्या तोंडाशी ती थांबली, वाकून बापाच्या पाया पडली. "आबा, चला ना आमच्याबरोबर," म्हणाली.

"मी कुठल्या तोंडानं येऊ त्या वळणावरून," म्हाकू म्हणाला. "तुझ्या आईला काय सांगू?"

लेकीला कधी येशील असं विचारायचं असतं, सगळेच बाप विचारतात. म्हाकूनं विचारलं नाही. यायला मागं काही ठेवलंच नव्हतं त्यानं. ज्या वाटेपासून लेकीला वाचवायचं म्हणून एवढा सगळा खटाटोप केला, त्याच वाटेवर ती निघाली होती. फरक एवढाच की आधीच्या माणसांना परत यायला माळ होता. म्हाकू तिथं उभा राहून ढसाढसा रडला. तुम्ही म्हणाल, रडून काय होतं? काही होत नाही, पण माणूस रडतो.

परत येऊन त्यानं काकीच्या खोपटातल्या कोपऱ्यातून घोंगडी काढली. तिच्यात शेवटच्या वर्षीची कुसळं अजून होती. त्यानं ती मुरमावर झाडली आणि पावसाची वाट पाहिली. पाऊस आला. कुसळं म्हातारी झाली होती, एकही रुजलं नाही.

मग म्हाकूनं जे केलं ते ऐकून लोक बरीच वर्षं हसत होते. तो घोंगडी खांद्यावर टाकून लांबच्या एका गावाला गेला. तिथंही माळ होता, आणि त्या माळावर गवत होतं. तिथल्या कारभाऱ्यापुढं हात जोडून म्हणाला, "मला तुमची थोडी कुसळं न्यायची आहेत."

"कुसळं?" तो कारभारी म्हणाला. "पाव्हणं, लोक आमच्याकडं चारा मागायला येतात, कोकरू मागायला येतात. तुम्ही कुसळं मागता?"

"होय, कुसळंच."

"न्या की मग. सगळी न्या. आमच्यावर उपकार होतील." आणि सगळे हसले. म्हाकू हसला नाही. "सगळी नेणार नाही," तो म्हणाला, "आणि तुम्हीही उपटू नका." त्यांना ते काही कळलं नाही, आणि म्हाकूला तिथं बसून सांगायला तोंड नव्हतं.

त्यानं एकट्यानं घोंगडी ओढली, जशी आधी सगळी वस्ती ओढायची. कुसळांनी भरली तशी गुंडाळून खांद्यावर घेतली आणि चालत निघाला. वाटभर कुसळं त्याच्या मानेत, पाठीत, दंडात घुसत होती. त्यानं एकही उपसून टाकलं नाही. गोजराचं कोकरू त्याला आठवत होतं, आणि त्याच्याहून जास्त गोजरा आठवत होती.

माळावर येऊन त्यानं उतारावर आडव्या दगडांच्या ओळी लावल्या, म्हणजे पाण्याबरोबर येणारी माती तिथं अडकावी. ओळींच्या वरच्या अंगाला घोंगडी झाडली. पहिल्या पावसाळ्यात दगडांसकट सगळं वाहून गेलं. त्यानं पुन्हा ओळी लावल्या, पुन्हा त्या गावाला गेला, पुन्हा हसू ऐकून आला. असं किती वर्षं चाललं ते मोजायला माळावर दुसरं कुणी नव्हतंच.

एके दिवशी एका ओळीमागं ओंजळभर माती थांबलेली दिसली आणि त्या मातीत टाकळ्याचं रोप. दोन पानांचं. म्हाकू त्याच्याजवळ जाऊन बसला. ज्या हातांनी टाकळ्याचे ढीगच्या ढीग उपटले होते, त्याच हातांनी त्यानं त्या रोपाभोवती चार खडे लावले. मग टाकळा वाढला, आघाडा आला, त्यांच्या पाचोळ्यात कुसळी आली. इथं एक झुबका, तिथं एक झुबका. एका सकाळी एक चंडोलीण येऊन कुसळीच्या बुडाशी बसली. म्हाकू उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुझं खरं होतं." ती काहीच बोलली नाही. पाखरं माणसांशी बोलायची बंद झाली ती तेव्हापासून, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

आणखी काही वर्षांनी एका कुसळीच्या सावलीला त्याला मऊ, निळसर पान दिसलं. त्यानं ते हातानं चाचपून पाहिलं, वास घेतला. मारवेल होती. अख्ख्या माळावर एक बुडखा. म्हाकूची नजर तोवर अधू झाली होती, पण बोटांना ती ओळखू आली.

आणि त्याच वर्षी, थंडीच्या आधी, घाटाकडून मेंढरांचा आवाज आला.

गोजरा आली होती. खालच्या मुलखात कुणी तळ टाकू देईना, इथून हाकल, तिथून हाकल, त्यात निम्मी मेंढरं गेलेली. कुणीतरी तिला सांगितलं, तुमच्या माळावर हिरवं दिसतंय म्हणे. ती धावत आली होती. लुगडं फाटलेलं, पायाला भेगा, पण तोंडावर हसू. "आबा," ती लांबूनच म्हणाली, "हिरवं झालं आबा. आम्ही आलो."

मेंढरं हिरवं पाहून पुढं सरकली. म्हाकू त्यांच्या आडवा झाला. काठी आडवी धरली.

"थांब गोजरे," तो म्हणाला. "अजून नको."

"आबा, पोटाला नाही त्यांच्या काही."

"दिसतंय मला. मला नको तेवढं दिसतंय. पण आज यांनी खाल्लं तर दोन दिवस पुरेल आणि पुन्हा मुरूम उरेल. आताच कुठं खपली धरलीय." मग तो म्हणाला, "मेंढरं घे आणि खाली जा, पोरी."

विचार करा. तिला घाटात पाठवायला लागू नये म्हणून ज्यानं माळ बुडवला, तो बाप आपल्या तोंडानं तिला घाट उतरायला सांगत होता. दुसरं कुणी सांगायला नव्हतं. गोजरा चिडली असती तर बरं झालं असतं, म्हाकूला ते सोसलं असतं. तिनं मेंढरं नवऱ्याच्या हवाली केली, घरात जाऊन कोपऱ्यातली घोंगडी आणली, पसरली आणि तिचे दोन कोपरे धरले. उरलेले दोन म्हाकूनं धरले. बापलेकीनं ती त्या विरळ कुसळीतून ओढली आणि उघड्या जमिनीवर झाडली. मग ती खाली गेली.

पुढच्या वर्षी ती आली तेव्हा दारात कुणी नव्हतं. घोंगडी दगडाखाली नीट घडी घालून ठेवलेली होती, आणि भिंतीवरच्या मोरांवरून कुणीतरी अलीकडंच, थरथरत्या बोटानं, नवी पांढरी माती फिरवलेली होती.

गोजरा दर वर्षी यायची. मेंढरं घाटाखाली ठेवून यायची, घोंगडी ओढायची आणि जायची. माळ मारवेलीनं भरला तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते, आणि त्या घरात राहायची हौस कधीच सरली होती. वस्ती पुन्हा बसली ती तिच्या नातवंडांची. आजही ती माणसं थंडीत घाट उतरतात. त्या वळणावर आता दगडांच्या दोन राशी आहेत, दुसरी गोजरानं बापासाठी रचलेली. जायच्या आदल्या दिवशी घोंगडी ओढली जाते, हात सोलवटतात आणि गूळ वाटला जातो. आणि कुणी पोरानं विचारलं की हे कशासाठी करायचं, तर त्याला कामाला लावत नाहीत. खाली बसवतात, आणि मी तुम्हाला आता सांगितलं तसं, पहिल्यापासून सगळं सांगतात.

तात्पर्य: आधी येणाऱ्याला नकोसा म्हणून जो उपटून टाकतो, त्याच्याकडं हवासा कधी येत नाही.